कार्बन क्रेडिट विकून सीबॅमचा खर्च निघतो का? (छोटी फाउंड्री, जर्मनीला माल जातो)

भट्टी_शिरोली

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय तर चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आमची कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, वडिलांनी चालू केलेली, आधी नुसता कुपोला (कोकवर चालणारी भट्टी) होता, मग मी आल्यावर एक इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) घेतली, कुपोला अजून ठेवलाय, आठवड्यातून दोनदा पेटवतो. महिन्याला शंभर-सव्वाशे टन मेल्टिंग. त्यातला पस्तीस-चाळीस टन माल थेट जर्मनीला जातो, बिडाचे पाइप फिटिंग जास्त आणि थोडी पंपाची बॉडी. बाकी सगळं इथलंच काम.

युरोपने बाहेरून येणाऱ्या मालामागच्या कार्बनवर आकार बसवलाय, त्याला सीबॅम म्हणतात. त्यासाठी गेल्या दीड वर्षापासून तिकडचा गिऱ्हाईक एक्सेलची शीट पाठवायचा, टनामागे कार्बन किती ते भरा म्हणून, आम्ही अंदाजपंचे काहीतरी भरून द्यायचो, त्यानेही कधी विचारलं नाही. यंदा मात्र सरळ मेल आली, खरे आकडे आणि ते तपासल्याचा दाखला नसेल तर डिफॉल्ट आकडा (युरोपने आधीच ठरवून ठेवलेला) लागेल आणि जो फरक पडेल तो रेटमधून वजा करू. वडील म्हणतात ऑर्डरच सोडून दे, पण ती सोडली तर तीस माणसांतल्या आठ-दहा जणांना काम राहत नाही, आणि त्यातले चारजण माझ्या जन्माआधीपासून आमच्याकडे आहेत.

अशात एक कन्सल्टंट येऊन गेला. आमच्या शेडवर ३०० किलोवॅटचं सोलर आहे, त्याचं म्हणणं त्याची कार्बन क्रेडिट काढून देतो, आंतरराष्ट्रीय मार्केटला विकतो, त्या पैशात सीबॅम भागेल, आणि क्रेडिट दाखवली की तसाही सीबॅम माफच होतो. रजिस्ट्रेशनचे साडेतीन लाख आगाऊ मागतोय, सोमवारपर्यंत सांगा म्हणाला. हे खरं आहे का? आणि हा कार्बन क्रेडिटचा आंतरराष्ट्रीय बाजार नक्की असतो काय, आमच्यासारख्याला त्यात काही मिळतं का, का आम्ही फक्त भरायचंच? जरा इस्कटून सांगा कुणीतरी.

पत्रा_भोसरी

दादा, सोमवारपर्यंत सांगा म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. आमच्या ओळखीतल्या एकाचे असेच गेलेत. बाकी जाणकार सांगतीलच.

मोजपट्टी

मी एनर्जी ऑडिटचं काम करतो, पुणे-चाकण-सातारा पट्ट्यात. जरा लांब लिहितोय पण पूर्ण वाचा, कारण तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतल्यात आणि त्या तशा गुंतवूनच ते साडेतीन लाख मागितले जातायत.

पहिलं म्हणजे क्रेडिट दाखवली की सीबॅम माफ, हे साफ खोटं आहे. सीबॅममध्ये वजावट मिळते ती फक्त तुमच्या देशात कायद्याने सक्तीने भरलेल्या कार्बनच्या किमतीची, म्हणजे कार्बन टॅक्स किंवा सक्तीची ट्रेडिंग स्कीम. स्वखुशीने घेतलेल्या, विकलेल्या क्रेडिटला तिथे काडीची किंमत नाही. तुम्ही हजार झाडं लावा, दहा हजार क्रेडिट विकत घ्या, हिशोबात एक किलोही कमी होत नाही.

दुसरं तुमचं सोलर. ३०० किलोवॅट म्हणजे वर्षाला चार-सव्वाचार लाख युनिट धरू. आपल्या ग्रिडच्या विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, म्हणजे वर्षाला तीनशे टनाच्या आसपास, आणि एक क्रेडिट म्हणजे हवेत न गेलेला एक टन. तर तीनशे क्रेडिट. सोलर-पवनच्या क्रेडिटचे भाव कित्येक दिवस डॉलर-दीड डॉलरच्या आसपास घुटमळतायत, म्हणजे वर्षाला फार तर चाळीस हजार रुपये, ते पण विकली गेली तर. त्यातून दर वेळी तपासणीवाल्याची फी लाखात. वर आणखी म्हणजे स्वैच्छिक बाजारातलं सगळ्यात मोठं रजिस्टर व्हेरा, त्यांनी अतिगरीब देश सोडून बाकीकडचे ग्रिडला जोडलेले नवीन सोलर-पवन प्रकल्प घेणं २०२० पासूनच बंद केलंय, कारण सोलर आता तसंही परवडतं, क्रेडिटच्या पैशाशिवाय ते बसलंच नसतं असं कुणी म्हणू शकत नाही. तुम्ही सोलर का बसवलं? लाइट बिल कमी व्हावं म्हणून. झालं, तिथेच क्रेडिटचा दावा संपतो. या धंद्यात सगळ्यात पहिला प्रश्न हाच असतो, क्रेडिटचा पैसा नसता तर हे काम झालं असतं का.

आणि गंमत नाही, खरंच सांगतो, तुमच्या सोलरचा सीबॅमच्या हिशोबातही उपयोग नाही. लोखंड-पोलादात ते सध्या फक्त थेट धूर मोजतात, विजेचा मोजत नाहीत. म्हणजे तुमच्या इंडक्शनची वीज कोळशाची असो की सोलरची, त्या शीटमध्ये फरक शून्य. (लाइट बिलासाठी सोलर उत्तमच, ते राहू दे.)

मग मोजतात काय? तुमच्या कुपोल्यातला कोक, लॅडल (वितळलेला रस ओतायचं भांडं) तापवायचा गॅस, चुनखडी, कार्बन वाढवायला टाकता ती पावडर, आणि महत्त्वाचं म्हणजे विकत आणलेल्या पिग आयर्नच्या (खनिजापासून केलेल्या कच्च्या लोखंडाच्या) मागचा धूर. भंगार शून्य धरतात. हे नीट बघा. एक टन कोक जळला की तीन टन कार्बन डायऑक्साइड. टनामागे १३० किलो कोक लागत असेल तर तिथेच ०.४ टन झाला. पिग आयर्न ब्लास्ट फर्नेसचं, त्याच्या मागे टनाला दोन टन तरी धरा, चार्जमध्ये वीस टक्के असलं तर आणखी ०.४. म्हणजे कुपोल्यातनं निघालेलं फिटिंग ०.८ च्या घरात, आणि तेच फिटिंग इंडक्शनमध्ये निव्वळ स्टीलच्या भंगारावर केलं तर ०.१ पण होत नाही. तुमच्या एकाच शेडमध्ये आठपटीचा फरक आहे आणि तुम्ही दोन्हीचा माल एका शीटमध्ये अंदाजाने भरताय.

आता पैसे. युरोपात एक टन कार्बनचा भाव २०२३ च्या फेब्रुवारीत १०० युरोच्या वर जाऊन आला, नंतर बऱ्यापैकी खाली-वर झाला. ७५ धरून चाला. पैसे न भरता नुसते आकडे कळवायची मुदत ऑक्टोबर २०२३ ते डिसेंबर २०२५ पर्यंतच होती, १ जानेवारी २०२६ पासून खरं मीटर चालू झालंय. लोक म्हणतात पहिल्या वर्षी अडीचच टक्के भरायचंय, ते अर्धवट ऐकलेलं आहे. त्यांनी त्या त्या मालाला एक बेंचमार्क, म्हणजे टनामागे किती धूर धरायचा त्याचं माप, ठरवलाय, त्याच्या ९७.५ टक्क्यांपर्यंत सूट, त्याच्या वर जितकं जाल तितकं सगळं पूर्ण भावाने. २०३४ ला ती सूट शून्य. म्हणजे बेंचमार्कच्या आत असलेल्याला यंदा जवळजवळ काही नाही, आणि खूप वर असलेल्याला यंदाच दणका. डिफॉल्टमध्ये हेच होतं. तो आकडा देशाच्या सरासरीला धरून असतो, आपल्याकडचं पोलाद बरंचसं कोळशावर, त्यामुळे सरासरीच चढी, आणि वर मुद्दाम वाढ, यंदा १० टक्के, पुढच्या वर्षी २०, मग ३०. भंगार वितळवणाऱ्याने डिफॉल्ट घेणं म्हणजे दुसऱ्याच्या धुराचे पैसे आपण भरणं.

ते साडेतीन लाख तुम्ही कोकच्या काट्यावर, वेगळ्या मीटरवर आणि नीट लॉगबुकवर घाला. त्यातले निम्मे उरतील.

उसाचा_काटा

मोजपट्टी साहेबांनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त आमचा अनुभव लिहितो म्हणजे साडेतीन लाखाला हात लावताना आठवण राहील.

मी एका सहकारी साखर कारखान्यात को-जनला (कारखान्याच्या वीजनिर्मितीला) होतो, नाव नको. क्योटो करार २००५ ला लागू झाला आणि सीडीएम नावाची योजना आली, म्हणजे युरोप-जपानच्या कंपन्यांनी आपल्याकडच्या प्रकल्पाची क्रेडिट घ्यायची आणि आपलं टार्गेट भागवायचं. आमच्या बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडाच्या, विजेला ती मिळणार होती. २००८ च्या उन्हाळ्यात एका क्रेडिटला वीस युरोच्या आसपास भाव होता. चेअरमननी वार्षिक सभेत सांगितलं, उसाला टनामागे चार पैसे जादा देऊ, टाळ्या पडल्या. सभासदांनी ते खरं धरलं, आम्हीही धरलं. खोटं कुणीच बोलत नव्हतं.

मग कागद. कन्सल्टंटचा अहवाल, बाहेरच्या तपासणी संस्थेची माणसं, त्यांचे प्रश्न, परत उत्तरं, परत प्रश्न. मला अजून आठवतं, एक्सपोर्ट मीटरचं कॅलिब्रेशन दोन महिने उशिरा झालं होतं, तर त्या दोन महिन्यांच्या युनिटवर त्यांनी कात्री लावली. वीज गेलेली, एमएसईबीने बिल दिलेलं, पैसे जमा झालेले, पण सर्टिफिकेटवर तारीख नाही म्हणून क्रेडिट कमी. तेव्हा राग आला होता, आज वाटतं त्यांचं बरोबर होतं. हवेत न गेलेला धूर विकायचा म्हणजे कागद सोडून हातात दुसरं काय असतं.

सगळं होऊन क्रेडिट हातात येईपर्यंत २०१२ उजाडलं. तोवर चीन आणि आपल्याकडून इतकी क्रेडिट बाजारात आली होती, वर युरोपात मंदी, आणि युरोपने सांगून टाकलं की २०१३ पासून नवीन प्रकल्पांची क्रेडिट फक्त अतिगरीब देशांकडून घेणार. वर्ष संपताना भाव एक युरोच्या खाली. कन्सल्टंटची फी, तपासणीची फी गेलेली, सभासदाला टनामागे द्यायला काही राहिलं नाही. पुढच्या सभेत त्यावर कुणी बोललंच नाही, मागून एक म्हातारे सभासद उठून विचारत होते त्या धुराच्या पैशाचं काय झालं, आणि मी तिथे खाली मान घालून बसलो होतो.

या बाजारात भाव मालावर ठरत नाही, ब्रुसेल्सला कुणीतरी नियम बदलला की ठरतो. एवढं धरून मगच उतरायचं.

ऱ्हाइनकाठ

मी ड्युसेलडॉर्फजवळ एका कंपनीत खरेदी विभागात आहे, मूळ सांगलीचा. म्हणजे भट्टी_शिरोली यांना आलेली मेल कदाचित माझ्यासारख्याच कुणीतरी लिहिली असेल :) तर या बाजूचं सांगतो.

सीबॅमचे पैसे कायद्याने तुम्ही भरत नाही, इथला आयातदार भरतो. त्याला त्यासाठी परवाना घ्यावा लागतो, २०२६ च्या मालाची सर्टिफिकेटं (हे पैसे ती घेऊनच भरायचे) फेब्रुवारी २०२७ पासून विकत मिळणार आणि हिशोब ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचा. म्हणजे आज त्याला स्वतःलाच माहीत नाही की तुमच्या टनाचे किती लागणार, म्हणून तो घाबरून डिफॉल्ट धरतो आणि रेट कापतो. त्याची भीती घालवणारा पुरवठादार त्याला हवाच असतो. आमच्याकडे तीन देशांतले कोटेशन शेजारी ठेवतात आणि आता त्यात कार्बनचा रकाना आहे, ज्याचा आकडा तपासलेला आहे तो दोन टक्के महाग असला तरी चालतो.

दोन गोष्टी त्याला लगेच विचारा. वर्षाला त्याची सीबॅममध्ये येणाऱ्या सगळ्या मालाची मिळून आयात ५० टनांच्या आत आहे का? असेल तर त्याला सूटच आहे. तुमचा एकट्याचा महिन्याला ३५ टन म्हणजे तुम्हाला लागू होणार नाही, पण वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला होईल. आणि दुसरं, तुमचा माल तो कस्टमच्या कुठल्या कोडखाली उतरवतो? हे नक्की विचाराच.

भट्टी_शिरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. उसाचा_काटा काका, तुमचं वाचून वडिलांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते, आमची पण शेअर होती एका कारखान्यात.

कोडचं बघितलं. फिटिंग ७३०७ मध्ये जातात. काही साधी कास्टिंग ७३२५ मध्ये, आणि पंपाची बॉडी ८४१३ मध्ये पंपाचे पार्ट म्हणून. यात फरक पडतो काय? आणि तो मधला प्रश्न राहिला, आंतरराष्ट्रीय बाजार मग कुणासाठी आहे?

मोजपट्टी

फरक पडतो, सगळा फरक तिथेच. सीबॅमच्या लोखंड-पोलादाच्या यादीत ७३०७ आहे, नट-बोल्टचा ७३१८ आहे, ७३२६ आहे. ७३२५ नाही, आणि ८४१३ पण नाही. म्हणजे त्याच भट्टीचं, त्याच हीटचं (भट्टीच्या एका घाण्याचं) बीड, फिटिंगच्या साच्यात ओतलं तर सीबॅम, पंपाच्या साच्यात ओतलं तर नाही, सध्यातरी. सध्यातरी म्हणतोय कारण युरोपियन कमिशनने डिसेंबर २०२५ मध्ये तयार मालाचे आणखी शंभर-दीडशेच्या वर प्रकार यादीत घ्यायचा प्रस्ताव मांडलाय. आणि कृपा करून फिटिंगला ७३२५ दाखवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, तिकडच्या कस्टमने पकडलं तर गिऱ्हाईक कायमचा जाईल.

यातून तुम्हाला एक साधी गोष्ट करता येते. फिटिंगच्या सगळ्या हीट इंडक्शनवर घ्या, पिग आयर्न जितकं कमी करता येईल तितकं करा, आणि पंपाचं, लोकलचं काम कुपोल्यावर. ग्रेड सांभाळून अर्थात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता आंतरराष्ट्रीय बाजार. एक बाजार असा नाहीच. युरोपचा बाजार त्यांच्या कारखान्यांसाठी, तिथे बाहेरची क्रेडिट २०२१ पासून चालतच नाहीत. आपलाही सुरू होतोय, २०२२ ला ऊर्जा संवर्धन कायदा बदलला, जून २०२३ ला स्कीम निघाली, ऑक्टोबर २०२५ ला ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागदाच्या २८२ कारखान्यांना टार्गेट दिली. टार्गेटपेक्षा चांगलं केलं तर सर्टिफिकेट मिळतात, चुकलं तर विकत घ्यायची, नाही घेतली तर सरासरी भावाच्या दुप्पट भरपाई. तुमची फाउंड्री त्यात नाही, म्हणून तुमच्यावर बोजा नाही, पण म्हणूनच सीबॅममध्ये वजा दाखवायला तुमच्याकडे काही भरलेलंही नाही.

आणि देशादेशांतला जो आहे तो पॅरिस कराराच्या कलम ६ खाली. २०१५ चा करार, पण नियम पूर्ण व्हायला २०२४ ची बाकूची हवामान परिषद उजाडली. भांडण कशावरून होतं? समजा आपल्या प्रकल्पाने एक टन कमी केला आणि स्वित्झर्लंडला विकला. तो टन त्यांनी पण मोजला आणि भारतानेही आपल्या खात्यात मोजला, म्हणजे उसाची एकच ट्रॉली दोन कारखान्यांच्या काट्यावर वजन करून दोन्हीकडून बिल उचलल्यासारखं. म्हणून आता विकलेला टन आपल्या खात्यातनं काढून टाकावा लागतो आणि त्याला सरकारची लेखी परवानगी लागते. पहिला असा व्यवहार थायलंड-स्वित्झर्लंडमध्ये झाला, बँकॉकच्या इलेक्ट्रिक बसचा, २०२४ च्या सुरुवातीला जाहीर झाला, पैसे गेले स्वित्झर्लंडच्या पेट्रोल-डिझेल आयातदारांकडून. आपण जपानशी ऑगस्ट २०२५ ला तसा करार केलाय. पण सरकार स्वस्तात होणारी कपात बाहेर विकू देणार नाही, ती आपल्याच टार्गेटला लागेल, आणि ते बरोबरच आहे. यादीत ग्रीन हायड्रोजन, बॅटरीसकट सोलर, समुद्रातली पवनचक्की, विमानाचं जैवइंधन असली महागडी कामं आहेत. छोट्या कारखान्याने त्याच्याकडे कमाई म्हणून बघू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मी वीस वर्षांत शंभर-दोनशे टनाच्या क्रेडिटवर कुणाला कमावताना बघितलं नाही.

बांधावरचा

आमच्याकडे बांबूच्या कार्बन क्रेडिटसाठी सह्या घेत फिरतायत, एकरी अमुक हजार म्हणून. ते पण असंच का?

मोजपट्टी

सगळे खोटे नसतात, पण शेतीत एकट्याला जमत नाही, मधे गोळा करणारा लागतोच. त्याच्या कागदावर तीन गोष्टी वाचा: करार किती वर्षांचा, क्रेडिट कुणाच्या नावावर निघणार, आणि बांबू जळाला-मोडला तर जबाबदारी कुणाची. कागद इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, नाही दिला तर सही करू नका. २०२३ ला जंगलाच्या क्रेडिटबद्दल परदेशी पेपरांत मोठं प्रकरण निघालं, बरीचशी क्रेडिट कागदावरच होती असा आरोप, तेव्हापासून गिऱ्हाईकही फार चिकित्सा करतो. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

भट्टी_शिरोली

आजचं सांगतो. कन्सल्टंटला नाही म्हणून कळवलं. जर्मनीला मेल टाकली की ३ महिन्यांत खरे आकडे देतो, तोवर डिफॉल्ट धरून रेट कापू नका, त्याने सप्टेंबरपर्यंत थांबतो म्हणून उत्तर दिलं.

मग कोक मोजायला घेतला. आमच्याकडे कुपोल्यात कोक पाटीने टाकतात, वडिलांच्या काळापासून पाटी अठरा किलोची धरलेली, वहीत नुसत्या रेघा मारतात, पाच रेघांचा एक गठ्ठा. आज पहिल्यांदा भरलेली पाटी काट्यावर ठेवली तर बावीस किलो भरली, दुसरी साडेएकवीस, तिसरी तेवीस. चार्जिंगवरचे आमचे मामा, पस्तीस वर्षं तेच टाकतात, ते काट्याकडे बघतच राहिले, म्हणाले मालक, पाटी मोठी आणली त्याला आठ-नऊ वर्षं झाली की. म्हणजे इतकी वर्षं कोकच्या खर्चाचा आमचा हिशोबच चुकत होता, कार्बन राहिला बाजूला.

आता जुन्या महिन्यांचं काय करू? जानेवारीपासूनच्या वह्या सगळ्या रेघांच्याच आहेत.

मोजपट्टी

पाटीच्या वह्या तशाच ठेवा, फाडू नका, दुरुस्त पण करू नका. जानेवारीपासूनची कोकच्या खरेदीची बिलं, वजनकाट्याच्या पावत्या आणि १ जानेवारीला यार्डात पडलेला स्टॉक काढा, आजचा स्टॉक वजन करा, फरक म्हणजे जळलेला कोक. तपासणीवाला तेच मागणार आणि पहिल्या वर्षी तो प्रत्यक्ष साइटवर येणार. फर्नेसला आणि कुपोल्याला हीट नंबर वेगळे द्या, फिटिंगच्या डिस्पॅच चलनावर तो नंबर येऊ दे. आणि तुमचा काटा वजनमापे खात्याकडून शिक्का मारलेला आहे ना? तारीख बघून सांगा.

भट्टी_शिरोली

बघितलं. मार्चमध्ये संपलीय. उद्याच बोलावतो.